आईच्या रांगेतली ब्रोकोली

आईचा हात कापला त्यात चूक कुणाचीच नव्हती, हे ती स्वतःच सगळ्यांना आधी सांगून टाकायची. म्हणजे पुढचे प्रश्न वाचायचे.

ती बाइंडिंगच्या कारखान्यात एकवीस वर्षं कामाला होती. त्यातली शेवटची नऊ वर्षं कटिंग मशीनवर, त्याआधी हातशिलाईवर. शिवून, चिकटवून तयार झालेल्या वह्यापुस्तकांच्या तीन बाजू त्या मशीनवर सरळ कापतात. पातं हातभर लांब, आणि त्याची धार अशी की कागदाची थप्पी कापताना आवाजसुद्धा होत नाही. त्या दिवशी धार लावायला पातं काढलं होतं. आई ते कापडात गुंडाळून पेटीत ठेवत होती. कापड सुटलं, पातं घसरलं आणि तिनं सवयीनं हात पुढे केला. पडणारी वस्तू झेलायची हा तिचा स्वभाव. कप असो, बशी असो, पातं असो.

उजवा तळहात आणि दोन बोटं. डॉक्टरांनी आम्हाला समजेल असं सांगितलं, "बोटं वाकवणाऱ्या आतल्या दोऱ्या तुटल्या होत्या, त्या शिवल्यात."

आई अजून गुंगीत होती. तरी विचारलं तिनं, "कुठला टाका घातलात?"

डॉक्टर हसले. तिनं मात्र मनापासून विचारलं होतं.

सहा आठवडे हात पट्टीत. घरात आम्ही तिघं. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात, मी चष्म्याच्या दुकानात असते, आणि दोघंही सकाळी आठला बाहेर. मग बाबांनी त्यांच्या मोठ्या बहिणीला फोन केला, आणि आत्या दहा दिवसांसाठी म्हणून आली. एक बॅग, एक उशी (दुसऱ्यांच्या उशीवर तिला झोप लागत नाही) आणि एक वही.

आत्या निवृत्त. पिण्याचं पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत तिची सगळी नोकरी गेली. लग्न केलं नाही. "नमुने घ्यायला वेळ पुरला नाही, नवरा कुठून घेणार," असं ती सांगायची. सगळ्याची नोंद ठेवायची, सगळं वेळेवर करायचं आणि समोरच्याचं राहिलेलं कामही करून टाकायचं, अशी तिची रीत. आई तिला 'वन्सं' म्हणायची. लग्नानंतर पहिल्याच दिवशी आजीनं शिकवलेला शब्द, तो सुटलाच नाही. आत्या वयानं मोठी असूनही आईला 'वहिनी' म्हणायची, फक्त पुढे 'अगं' लावून. सव्वीस वर्षांत दोघींत एकदाही वाजलं नव्हतं. लोकांना त्याचं कौतुक. मला वाटतं, भांडण होण्याइतकी त्यांची ओळखच झाली नव्हती.

आत्यानं घर ताब्यात घेतलं. आईची वेणी, आईची बटणं, आईच्या ताटातले घास बारीक करून देणं, आंघोळीला पाणी, औषधं. आई "राहू दे हो, वन्सं," म्हणेपर्यंत काम झालेलं असायचं. दहा दिवसांचे वीस झाले, विसांचे चाळीस. कुणी जा म्हटलं नाही, आणि जा म्हणायची सोयही नव्हती.

पट्टी निघाली तेव्हा बोटं लाकडासारखी झाली होती. फिजिओथेरपीची बाई तरुण आणि फार उत्साही. तिनं आईपुढे दोन वाट्या ठेवल्या. एका वाटीतले वाटाणे चिमटीत धरून दुसऱ्या वाटीत टाकायचे. वाटाणे जमले की मूग, मूग जमले की मोहरी. दिवसातून चार वेळा.

आईनं आठवडाभर केलं. मग एका दुपारी वाटी बाजूला सरकवली.

"या वाटीतलं त्या वाटीत आणि त्या वाटीतलं या वाटीत. संध्याकाळी बघावं तर हातात काय? वाटी."

"अगं, व्यायाम आहे तो," आत्या म्हणाली.

"व्यायाम असेल. काम नाहीये ते."

आत्या दोन्ही वाट्या उचलून ठेवून आली. मग म्हणाली, "मग काम कर. मोहरीएवढं बी असतंच की कशाकशाचं. पेर. मागची जागा ओसाड पडलीच आहे."

मागची जागा म्हणजे आमच्या घरामागची चार पावलं रुंद आणि दहा पावलं लांब बाग. बाग म्हणायला एक लिंबाचं झाड आणि कपडे वाळत घालायची तार. पण जमीन बरी होती, दिवसभर ऊन होतं, आणि थंडी महिनाभरावर आली होती. पुढच्या रविवारी मी दोघींना घेऊन बियाणांच्या दुकानात गेले.

दुकानदार म्हातारा, कानात केस, आणि प्रत्येक गोष्टीला उलट प्रश्न. आईनं विचारलं, "मोहरीएवढं बी कशाचं असतं?"

तो चक्रावला. लोक भाजी सांगतात, ही बियांचं माप सांगत होती. त्यानं काउंटरवर तीन बशा ठेवल्या आणि प्रत्येकीत चार-चार दाणे टाकले. तिन्हींत तेच गोल, काळपट तपकिरी दाणे.

"हा कोबी, हा फ्लॉवर, ही ब्रोकोली. ओळखून दाखवा. मलाही येत नाही, पाकिटावर बघावं लागतं."

आईनं डाव्या हातानं पाकिटं उलटसुलट केली. कोबीचं वजनावर होतं. ब्रोकोलीच्या पाकिटावर लिहिलं होतं, 'दाणे पन्नास'.

"हे मोजून दिलंय," ती म्हणाली. "हे द्या."

घरात ब्रोकोली कुणालाच विशेष आवडत नव्हती. बाबा तिला हिरवा फ्लॉवर म्हणायचे आणि ताटात बाजूला सारायचे. पण विषय खाण्याचा नव्हताच.

"थांबा, ब्रोकोलीत दोन आहेत," दुकानदार म्हणाला. "हे संकरित. एका रोपाला एक मोठा गड्डा, सगळे एकदम तयार, साठ-सत्तर दिवसांत काम खलास. आणि हे साधं, जुनं वाण. गड्डा लहान येतो, वेळ जास्त घेतो. पण तो कापला की झाड संपत नाही. बगलांतून फुटवे येत राहतात, थंडी आहे तोवर तोडत बसायचं. तुमच्याकडे थंडी किती टिकते?"

"तीन महिने धरा," आत्या म्हणाली. "संकरित द्या. खात्रीचं बरं."

"मला साधं," आई म्हणाली.

"अगं वहिनी, पहिल्यांदाच लावतोय आपण. जे नक्की येणार ते लावावं."

"तुम्ही ते लावा. मी हे लावते."

दुकानदारानं दोन्ही पाकिटं पुढे केली. घरात दोन मतं असली की आपला माल जास्त खपतो, असं काहीसं तो पुटपुटला, आणि आम्ही निघताना एवढंच सांगितलं की रोपं ट्रेमध्ये करा, चार-पाच आठवड्यांची झाली की जमिनीत हलवा. "ट्रेमध्ये म्हातारी होऊ देऊ नका. म्हातारं रोप घाबरतं आणि लिंबाएवढाच गड्डा धरून मोकळं होतं."

आत्यानं आपली बी पाच मिनिटांत पेरली. बोटानं खड्डा, त्यात दाणा, वर माती, झारीनं पाणी, वहीत तारीख. आईला वीस दाण्यांना सगळी दुपार लागली. उजव्या हाताची चिमूट जुळायची, दाणा उचलला जायचा, आणि ट्रेच्या वर येईपर्यंत निसटायचा. दोन दाणे फरशीवर पडले ते सापडलेच नाहीत. आत्या समोरच बसली होती. दर निसटलेल्या दाण्याला तिचा हात अर्धा उचलला जायचा. शेवटी ती उठून चहा करायला गेली. अर्ध्या तासात दुसऱ्यांदा.

पाचव्या दिवशी दोन्ही ट्रेंमध्ये कोंब दिसले. आईच्या वीसपैकी अठरा. तिनं ते रोज सकाळी मोजले, जणू कुणी उचलून नेणार होतं. तिचा ट्रे स्वयंपाकघराच्या खिडकीत होता, तिथं ऊन कमी. रोपं उजेडाकडे मान काढून लांबट व्हायला लागली, तेव्हा आत्यानं सांगितलं आणि आईनं ट्रे मागच्या पायरीवर नेला. तिनं ऐकलं. तोवर सगळं ठीक होतं.

चार आठवड्यांनी आत्यानं आपली बारा रोपं वाफ्यात लावली. टेप लावून, दोन रोपांत बरोबर दीड फूट. आईला मात्र परवानगी नव्हती. फिजिओची बाई म्हणाली होती, जखमेला माती लागू द्यायची नाही, हाताला जोर द्यायचा नाही. आणखी आठवडा. मग तपासून म्हणाली, आणखी एक. मग शनिवारची तारीख मिळाली. आईनं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या शनिवारला लाल गोल केला. तोवर रोपं सहा आठवड्यांची होत आली होती, ट्रेच्या भोकांतून मुळं बाहेर डोकावत होती.

त्या गुरुवारी मला सुट्टी होती. मी आईला फिजिओकडे घेऊन गेले. परत आलो, आई नेहमीसारखी आधी मागच्या पायरीवर गेली. ट्रे धुऊन, उपडा करून, भिंतीला टेकवून ठेवला होता.

आत्या वाफ्यात उभी होती, गुडघ्यांना माती, चेहरा एकदम खूश. "झालं बाई! चांगली बारा निवडून लावली. बाकीची मरतुकडी होती. ही आता सावरतील बघ, लांबट झालेली ना, म्हणून खोल लावलीत पानांपर्यंत."

आईनं रांगेतली रोपं मोजली.

"कुणी सांगितलं होतं?"

"अगं, सांगायला कशाला हवं? सहा आठवडे झाले. तो माणूस काय म्हणाला होता..."

"वन्सं, ती माझी होती."

"तुझीच आहेत की! तुझ्याच वाफ्यात लावलीत."

"लावायची माझी होती."

आत्याच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. "बरं, पण वहिनी, तुला एका हातानं जमलं असतं का?"

"नसतं जमलं तर नसतं जमलं. मेली असती तर माझ्या हातानं मेली असती." आईचा आवाज चढला. मी तो इतका चढलेला आधी कधी ऐकला नव्हता. "तीन महिने तुम्ही माझी वेणी घालताय, माझी बटणं लावताय. मी घास उचलायच्या आत तुम्ही त्याचे तुकडे करता. हा हात कशासाठी बरा व्हावा? याला कामच कुठं ठेवलंय तुम्ही?"

"मी तुझ्यासाठी..." आत्यानं खुरपं खाली ठेवलं. मग तीही चिडली. "ठीक आहे! माझी चूक. माझं घर सोडून मी इथं येऊन बसले ही माझी चूक. रोपं थांबतात का कुणासाठी? तुमच्या फिजिओसाठी थांबतात?"

"शनिवारपर्यंत थांबली असती!"

"कुठला शनिवार?"

आईनं स्वयंपाकघराकडे हात केला. कॅलेंडरवरचा लाल गोल आत्यानं रोज बघितला होता. डॉक्टरची तारीख असेल असं तिला वाटलं होतं. तिनं विचारलं नव्हतं, आणि आईनं सांगितलं नव्हतं.

तीन दिवस अबोला. बाबा संध्याकाळी आले की दोघी त्यांच्याशी बोलायच्या, एकमेकींशी नाही. "त्यांना सांगा, औषध घेतलंय." "तिला सांग, पाणी तापलंय." बाबांना दोन मजल्यांच्या मध्ये अडकायची सवय आहे, धंदाच आहे त्यांचा. तरी तिसऱ्या दिवशी त्यांनी आंघोळीलाच पाऊण तास लावला.

त्या तीन दिवसांत आत्यानं एक गोष्ट मात्र केली. सकाळी आई कपडे घालायला खोलीत गेली की आत्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसायची, मांडीवर वर्तमानपत्र, आणि आत जायची नाही. पहिल्या दिवशी आईला पाच बटणांना वीस मिनिटं लागली. मी जाता येता बघत होते. त्या वीस मिनिटांत आत्यानं पान उलटलं नव्हतं.

चौथ्या दिवशी नाश्त्याला आई सरळ तिच्याशीच बोलली. "वन्सं, ती बारा मी उपटणार नाही. आली तर येऊ द्या. पण ती माझी नाहीत. पाकिटात अजून तीस दाणे आहेत. मी परत पेरते."

आत्यानं बोटांवर आठवडे मोजले. "उशीर होईल गं. गड्डा धरायच्या वेळेला ऊन वाढेल."

"होऊ दे उशीर."

दुकानदाराला फोन केला तर तोही तेच म्हणाला. येतील, पण काही फुलावर जातील, तयारी ठेवा. आईनं तयारी ठेवली. वीस दाणे परत पेरले, या वेळी दीड तासात, एकही जमिनीवर न पडता. आत्या त्या दीड तासात भाजी आणायला बाहेर गेली होती. स्वतःहून.

आता त्या रांगेला, म्हणजे बी आईचं आणि लावणी आत्याची अशा त्या बारा रोपांना, कुणी वाली राहिला नाही. दोघीही आपापलं पाणी घालून परत फिरायच्या. मग एक दिवस बाबा झारी घेऊन गेले आणि म्हणाले, "ही माझी." त्यांनी जन्मात कुंडीतसुद्धा काही लावलेलं नव्हतं. आईची नवी रोपं लागली की आमच्या बागेत तीन रांगा होणार होत्या.

आईची दुसरी रोपं बरोबर चार आठवड्यांनी तयार झाली. सोळा उगवली होती. बारा लावायची ठरली. हाताला आता परवानगी होती, हातमोजा घालून. सकाळी नऊला ती वाफ्यात बसली. डाव्या हातानं खुरपं चालवायचं, उजव्या हाताच्या अंगठ्यानं आणि पहिल्या बोटानं रोप मानेला धरायचं, मग डाव्या हातानं माती दाबायची. दर रोपाला अर्धा तास. मधलं बोट वाकतच नव्हतं, ते सारखं वाटेत यायचं आणि पानाला लागायचं. आत्या पायरीवर बसली होती, दोन्ही हात मांडीखाली घेऊन. खरंच, मांडीखाली.

तिसऱ्या रोपानंतर आई मान न वळवता म्हणाली, "वन्सं, टेपचं टोक धरता का? मला दोन्हीकडून धरता येत नाहीये."

आत्या उठली. वाफ्याच्या त्या टोकाला जाऊन उकिडवी बसली आणि टेपचं टोक धरून राहिली. जिथं आई खूण सांगेल तिथं काडी रोवायची, बाकी काही नाही. जेवायला एकदा उठल्या तेवढंच. चार वाजता बारावं रोप लागलं. आत्याचे गुडघे धरले होते, तिला उठवायला मला हात द्यावा लागला. आईच्या हाताला सूज आली होती, आणि ती रात्रीच्या जेवणाला डाव्या हातानंच जेवली, पण जेवली भरपूर.

मग अळ्या आल्या. पांढरी फुलपाखरं आठवडाभर बागेत भिरभिरत होती, आम्हाला छान वाटत होती. त्यांनी पानांखाली अंडी घालून ठेवली आणि एका सकाळी आत्याच्या रांगेतली पानं चाळणीसारखी दिसायला लागली. हिरव्या अळ्या, पानाच्या शिरेवर अशा आडव्या पडलेल्या की बोट लावेपर्यंत दिसत नाहीत.

आणि तेव्हा आम्हाला कळलं की आत्याला अळीची शिसारी आहे. जिनं जन्मभर गढूळ पाण्यातले जंतू मोजले ती आत्या एक अळी बघून पायरीवर परत आली आणि साबणानं हात धुतले. अळीला तिनं हातही लावला नव्हता.

"फवारा आणू का काहीतरी?" तिनं विचारलं.

"खायचंय ना आपल्याला?" आई म्हणाली आणि डबा घेऊन आपल्या रांगेत बसली. पान उलटं करायचं, अळी चिमटीत धरायची, डब्यात टाकायची. अळी गुळगुळीत, जोरात दाबली तर फुटते, हलकी धरली तर निसटते. मोहरीपेक्षा कितीतरी अवघड. तिनं आपली रांग केली, बाबांची केली.

आत्या जरा वेळ घुटमळली. "अगं वहिनी, माझ्या रांगेतल्या पण काढतेस का?"

"काढते की. सांगितलंत ना आता."

पुढे रोज सकाळचा तो कार्यक्रमच झाला. आई अळ्या काढायची, आत्या चार हात लांब उभी राहून आकडा वहीत लिहायची. पहिल्या दिवशी त्रेसष्ट. दहा दिवसांनी, जाळी टाकल्यावर, चार. त्या महिन्यात फिजिओच्या बाईनं चिमटीचा जोर मोजला आणि यंत्र बिघडलं की काय म्हणून दोनदा मोजला. काय व्यायाम केलात म्हणून विचारलं. आईनं सांगितल्यावर ती खुर्चीतून जरा मागे सरकली.

आत्याचे गड्डे सगळ्यात आधी आले, दुकानदारानं सांगितलं होतं तसेच. आठवड्याभरात बारापैकी अकरा एकदम. भरगच्च, गर्द हिरवे, प्रत्येक गड्डा ताटलीएवढा. आम्ही सकाळ-संध्याकाळ ब्रोकोली खाल्ली. उकडून, परतून, सूप करून. बाबांनी ताटात बाजूला सारायचं सोडून दिलं, कारण बाजूलाही तीच होती. मी दुकानात नेली, बाबांनी लिफ्टवाल्या इमारतींच्या वॉचमनना वाटली, फिजिओच्या बाईला दोन दिल्या. तिनं घेताना आधी उलटी करून नीट बघितली.

बाबांच्या रांगेतल्या बारापैकी चारांनी खरंच लिंबाएवढे गड्डे धरले आणि तिथंच थांबले. सहा आठवडे ट्रेमध्ये काढल्याचा परिणाम. आत्यानं ते दाखवलं नाही, पण आईनं बघितलं. "तुमचं बरोबर होतं," ती आत्याला म्हणाली. "म्हातारी झाली होती ती."

"हो," आत्या म्हणाली. "पण विचारायला हवं होतं मी."

आईच्या रांगेचं असं झालं. दोन रोपं मुळाशी किड्यानं कापली. उरलेल्या दहांनी गड्डे धरायला सुरुवात केली तोवर दुपारचं ऊन चटका देऊ लागलं होतं. पहिला गड्डा वाटीएवढा झाला तेव्हा आत्या म्हणाली, "आज काप." आई म्हणाली, "अजून दोन दिवस, भरेल." दोन दिवसांनी त्याच्या कळ्या सुटल्या होत्या आणि मधे मधे पिवळं दिसत होतं. तिसऱ्या दिवशी तर फुलंच. त्याच्यामागून आणखी तीन तसेच गेले. आईनं त्यावर मधमाश्या येऊ दिल्या आणि एवढंच म्हणाली, "चुकलं माझं. हातात होता तेव्हा कापायला हवा होता."

पुढचे सहा तिनं वेळेवर कापले. डॉक्टरांनी सुरी धरायला नुकतीच परवानगी दिली होती. त्यातल्या पहिल्याला तिनं उजव्या हातात सुरी घेतली, मधलं बोट मुठीबाहेर सरळ, आणि देठाला तिरका काप दिला. एका कापात तुटला नाही, तीनदा सुरी फिरवावी लागली. गड्डा तळहातावर मावेल एवढाच होता. तो तिनं आधी बाबांना दाखवला, मग मला. आत्या आत होती तर तिला हाक मारून बाहेर बोलावलं.

"छान आलाय," आत्या म्हणाली.

"लहान आलाय," आई म्हणाली. "पण आलाय."

त्या दिवशी आम्ही चौघांनी मिळून तो एक गड्डा खाल्ला. प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन तुरे. त्याला जरा कडवट चव होती, उन्हामुळे असेल. बाबा म्हणाले, मस्त. कुणीही त्यांना खोटं ठरवलं नाही.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी शेवटचं तपासलं. पहिलं बोट जवळजवळ पूर्ण वाकतं. मधल्या बोटाचं टोकाचं पेर वाकणार नाही, आता ते तसंच राहणार. पकडीचा जोर पूर्वीच्या निम्म्याहून थोडा जास्त. आईनं विचारलं, "पातं धरता येईल?" डॉक्टर म्हणाले, "मी तुमच्या जागी असतो तर धरलं नसतं."

घरी आल्यावर तिनं कारखान्याच्या मालकांना फोन लावला. कटिंगवर येणार नाही, पण हातशिलाईच्या टेबलावर जागा असेल तर येते, असं सांगितलं. हातशिलाईत फर्म्यांच्या, म्हणजे घडी घातलेल्या पानांच्या जुडग्यांच्या, घडीतून सुईदोरा ओवायचा असतो, जोर लागत नाही, चिमूट लागते. मालक म्हणाले, त्या टेबलावर बसायला हल्ली कुणी तयार होत नाही, सोमवारीच या.

आत्या त्याच रविवारी गेली. सात महिन्यांनी. बॅग, उशी आणि वही, जिचं अजून एक पान शिल्लक होतं. आईनं तिच्या पिशवीत बाबांच्या रांगेतले फुटवे भरून दिले, ते आता भराभर येत होते. रिक्षात बसताना आत्या म्हणाली, "पुढच्या वर्षी वेळेत पेर."

"या मग पेरायच्या वेळेला," आई म्हणाली. "पण ट्रेला हात लावायचा नाही."

"विचारून लावीन."

"विचारा. बघू."

सोमवारी आई कामावर गेली. तिला खिडकीजवळचं टेबल दिलं होतं. मशीनवर आता दुसरा माणूस होता, तो पातं बदलताना जाड हातमोजे घालतो हे तिनं आल्या आल्या सांगितलं. पहिल्या दिवशी तिच्याकडून तीन हजेरीपुस्तकं शिवून झाली. शेजारच्या टेबलावरच्या बाईंची अकरा. तिसऱ्याचा दोरा मध्ये सैल पडला होता, तो उसवून तिनं परत घातला, म्हणून उशीर झाला. हे सगळं तिनं दारात चपला काढता काढता सांगितलं, आणि मग विचारलं, जेवायला काय केलंय, भूक लागलीय.